सत्तेशी भांडण, वाचकाशी भांडण: म्यानमारची वृत्तसाप्ताहिकं वाचताना

म्यानमारमधल्या पत्रकारांविषयी जे काही लिहिलं जातं, ते बहुधा तुरुंगाच्या दारापाशी येऊन संपतं. कोणाला किती वर्षांची शिक्षा झाली, कोणत्या कलमाखाली झाली, सुटका कधी झाली. हा तपशील बिनमहत्त्वाचा नाही. 'कमिटी टु प्रोटेक्ट जर्नलिस्ट्स' ही संस्था दर वर्षी 1 डिसेंबरला जगभरच्या तुरुंगांत किती पत्रकार आहेत ते मोजते. 2021 च्या मोजणीत म्यानमारचे 26 निघाले. त्या वर्षी त्यांच्या पुढे फक्त चीन होता. पण या लोकांनी लिहिलं काय होतं, त्यांची साप्ताहिकं आणि मासिकं पत्रकारिता म्हणून कशी आहेत, हे शौर्यकथांमध्ये कुणी विचारत नाही. विन टिन यांनी 19 वर्षं तुरुंगात काढली, आणि बाहेर आल्यावर उरलेल्या राजकैद्यांसाठी ते कायम कैद्याच्या कपड्यांच्या रंगाचा निळा सदरा घालत, ही गोष्ट अनेकांना ठाऊक असते. मंडालेच्या 'हंथावडी' या दैनिकाचे ते संपादक होते हे त्याच गोष्टीत एका उपवाक्यात येऊन जातं.

लिहिल्याबद्दल जो माणूस कोठडीत बसला आहे, त्याच्या लिखाणातले गुणदोष काढायला जीभ रेटत नाही, हे समजण्यासारखं आहे. तरीही अशा समीक्षा टाळण्यात थोडी तुच्छता असतेच. तुम्ही मार खाल्लात एवढं पुरे, तुमचं काम आम्ही वाचलं नाही तरी चालेल, असा तिचा अर्थ होतो.

2021 च्या फेब्रुवारीत लष्कराने पुन्हा सत्ता घेतली, तेव्हापासून मी 'इरावती', 'मिझ्झिमा', 'फ्रंटियर म्यानमार' आणि 'म्यानमार नाऊ' यांच्या इंग्रजी आवृत्त्या नेमाने वाचतो आहे. सुरुवात ताज्या बातम्यांसाठी झाली, मग जुनं वाचत मागे मागे गेलो. या वाचनातून एक मुद्दा मनात पक्का होत गेला. सत्तेशी भांडण्याचं धैर्य आणि स्वतःच्या वाचकाशी भांडण्याचं धैर्य या निराळ्या गोष्टी आहेत. म्यानमारच्या पत्रकारितेकडे पहिलं विपुल होतं. दुसरं ऐन वेळी कमी पडलं, आणि त्याची किंमत पत्रकारांपेक्षा फार मोठ्या प्रमाणात दुसऱ्यांनीच मोजली. असं का व्हावं, याचं उत्तर या साप्ताहिकांच्या घडणीत आहे असं मला वाटतं.

1962 साली जनरल ने विन यांनी सत्ता घेतली. पुढच्याच वर्षी 'द नेशन' या नामांकित इंग्रजी दैनिकाचे संपादक एडवर्ड लॉ-योन यांना अटक झाली आणि दैनिक बंद पडलं. ते दशक संपेपर्यंत खासगी दैनिकं जवळपास नाहीशी झाली. उरली सरकारी पत्रं, आणि छापायच्या प्रत्येक मजकुरावर नजर ठेवणारं छाननी खातं. नियतकालिक छापून झाल्यावर सेन्सॉरला एखादी ओळ खटकली, तर तिच्यावर शाई फासायची किंवा ते पान फाडून काढायचं, अशी पद्धत होती. बर्मीज साहित्याच्या अभ्यासक ॲना ॲलट यांनी 1993 साली या विषयावर एक पुस्तिका लिहिली, तिच्या इंग्रजी नावात याच दोन क्रिया आहेत: शाई फासणं आणि फाडून काढणं.

पुढे खासगी प्रकाशनांना थोडी मोकळीक मिळाली, पण ती साप्ताहिकांना. रंगूनच्या फुटपाथवर 2000 नंतर ज्यांचे ढीग दिसत, ती सगळी 'जर्नल्स', म्हणजे साप्ताहिकं. क्रीडा, ज्योतिष, सिनेनट्या, गुन्हे, आणि यांच्या आडोशाने बातम्या. दैनिकाचा परवाना खासगी माणसाला मिळतच नव्हता. प्रत्येक पान आधी सेन्सॉरकडे जाऊन लाल रेघांसकट परत यायचं, मग दुरुस्त होऊन छापायचं, ही यंत्रणा दैनिकाच्या गतीने चालू शकत नाही. म्हणजे साप्ताहिक हा प्रकार तिथे वाचकाच्या सवडीतून जन्मलेला नव्हता, तो सेन्सॉरच्या सवडीतून जन्मलेला होता. बातमी शिळी होऊनच येणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. मग वाचक साप्ताहिक घ्यायचा ते 'काय झालं' यासाठी कमी आणि 'यांनी ते कसं सांगितलं' यासाठी जास्त.

याचं सगळ्यात मजेदार उदाहरण 2010 च्या नोव्हेंबरमधलं आहे. आंग सान सू ची यांची नजरकैद संपली, आणि त्याविषयी काय नि किती छापायचं हे सेन्सॉर ठरवणार होता. 'फर्स्ट इलेव्हन' या क्रीडा साप्ताहिकाने इंग्लिश फुटबॉलच्या निकालांचा मोठा मथळा दिला. सुंदरलंड, चेल्सी, युनायटेड, आर्सेनल अशी सगळी नेहमीची नावं. पण मथळ्यातली काही अक्षरं वेगळ्या रंगात होती, आणि तेवढीच वाचली तर अर्थ निघायचा: सू मुक्त झाल्या, एक व्हा, आशा हस्तगत करायला पुढे या. सेन्सॉरकडे मजकूर काळ्या-पांढऱ्या प्रतीत जात असल्याने तिथे कुणाच्या लक्षात आलं नाही. रंग बाजारात आल्यावर दिसला. साप्ताहिक दोन आठवडे बंद ठेवलं गेलं.

कुणालाही आवडेल अशी ही गोष्ट आहे, मलाही आवडते. पण तिची रचना नीट पाहण्यासारखी आहे. त्यात संपादक आणि वाचक एका बाजूला आहेत, मूर्ख बनणारा सेन्सॉर दुसऱ्या बाजूला. संपादक डोळा मारतो, वाचकाला कळतं, दोघे हसतात. पन्नास वर्षं हेच नातं मुरत गेलं. सेन्सॉरशिपने पत्रकारांना धूर्तपणा शिकवला, संयम शिकवला, ओळींमधलं लिहायला शिकवलं. त्याचबरोबर एक सवयही लावली: वाचक नेहमी आपल्या बाजूचा असतो. ज्या वाचकाच्या भरवशावर सगळं चाललंय, त्याला खटकेल असं काही सांगायची वेळ या पत्रकारितेवर फारशी आलीच नव्हती.

देशाबाहेर जी माध्यमं उभी राहिली, त्यांची गोष्ट वेगळी असली तरी नातं हेच. 1988 चा उठाव चिरडला गेल्यावर हजारो विद्यार्थी सीमा ओलांडून गेले. त्यांतल्या आँग झॉ यांनी 1993 साली थायलंडमध्ये 'इरावती' हे मासिक सुरू केलं. नॉर्वेतून 1992 पासून 'डेमोक्रॅटिक व्हॉइस ऑफ बर्मा', म्हणजे डीव्हीबी, रेडिओवरून बोलू लागलं. 'मिझ्झिमा' तर दिल्लीत जन्मलं, 1998 साली. नावाचा अर्थ 'मधला'. पालीतला 'मज्झिम' आपल्याकडे बौद्ध वाङ्मय वाचणाऱ्यांना परका नाही. तिच्या संस्थापकांपैकी सो मिंट यांनी 1990 साली एका साथीदाराबरोबर थाई एअरवेजचं विमान पळवून कोलकात्याला उतरवलं होतं. हातातला 'बॉम्ब' खोटा होता. कुणाला इजा झाली नाही. बर्माची परिस्थिती जगाला सांगायला पत्रकार परिषद हवी, ही त्यांची एक मागणी होती. खटला भारतातच चालला आणि 2003 साली ते निर्दोष सुटले. पत्रकार परिषदेसाठी विमान पळवण्यापासून ते वृत्तसंस्था चालवण्यापर्यंतचा हा प्रवास मला कोणत्याही तुरुंगकथेपेक्षा बोलका वाटतो. लक्ष वेधून घेणं आणि रोज उठून खात्रीची बातमी देणं यांतलं अंतर या माणसाने एका आयुष्यात कापलं.

हे अंतर न दिसणारी कलाकृती म्हणजे 'बर्मा व्हीजे'. अँडर्स ओस्टरगार्ड यांचा हा 2008 चा डॅनिश माहितीपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला, आणि बर्मीज पत्रकार म्हटल्यावर जगाच्या डोळ्यांपुढे जे चित्र उभं राहतं ते बरंचसं त्याने घडवलं. 2007 च्या सप्टेंबरमध्ये भिक्खू रस्त्यावर उतरले, तेव्हा डीव्हीबीच्या तरुणांनी पिशव्यांत, काखेत लपवलेल्या छोट्या कॅमेऱ्यांनी ते टिपलं. चित्रण चोरून बाहेर गेलं, ऑस्लोहून उपग्रहाने परत देशात आलं. ती दृश्यं आजही पोटात गोळा आणतात. जपानी पत्रकार केंजी नागाई यांना रस्त्यावर गोळी घातली जाते, ते पडतात, पाठीवर झोपूनही कॅमेरा धरून ठेवतात.

चित्रपट हे सगळं 'जोशुआ' नावाच्या एका व्हीजेच्या तोंडून सांगतो. तो थायलंडमध्ये अडकला आहे आणि फोनवरून सहकाऱ्यांशी बोलतो. हे फोन, त्या खोल्या, त्यांतले काही प्रसंग नंतर उभे करून चित्रित केलेले आहेत. सुरुवातीच्या पाटीवर तसं सांगितलंही आहे, त्यामुळे फसवणुकीचा आरोप मी करणार नाही. पण ज्या चित्रणाचं सगळं मोल 'हे कॅमेऱ्यासमोर खरोखर घडलं' यात आहे, त्याला शिवलेल्या प्रसंगांचं अस्तर लावलं की पाहणाऱ्याला शिवण कुठे आहे ते कळत नाही. आणि उभे केलेले हे प्रसंग कशाचे आहेत? धास्तीचे, फोन तुटण्याचे, वाट पाहण्याचे. आलेली टेप कोणत्या दिवसाची आहे, कोणत्या चौकातली आहे, ती पाठवणारा खरं सांगतोय का, हे कुणी कसं तपासलं, ते चित्रपटात जवळपास नाही. पत्रकारिता म्हणजे पळणं आणि लपणं, अशी समजूत घेऊन प्रेक्षक बाहेर पडतो. बाहेरच्या जगाने या उठावाला दिलेलं 'भगवी क्रांती' हे नावही असंच आहे. बर्मीज भिक्खूंची चीवरं भगवी नसतात, गडद तांबडी असतात. त्याच चित्रपटात ती ढळढळीत दिसतात.

20 ऑगस्ट 2012 रोजी म्यानमारमधली प्रकाशनपूर्व सेन्सॉरशिप संपली. 1 एप्रिल 2013 पासून खासगी दैनिकं निघू लागली. 'मिझ्झिमा' आणि 'इरावती' मायदेशी परतली. ज्या दिवसाची पन्नास वर्षं वाट पाहिली तो आला होता. आणि त्याच 2012 च्या जूनमध्ये राखाइन प्रांतात बौद्ध आणि रोहिंग्या मुस्लिम यांच्यात हिंसाचार उसळला होता. स्वातंत्र्याची पहिली परीक्षा सेन्सॉरने घेतली नाही, वाचकाने घेतली.

ती परीक्षा एका शब्दाची होती. बर्मीज बहुसंख्याकांच्या लेखी 'रोहिंग्या' असं कुणी नव्हतंच. ते 'बंगाली', म्हणजे घुसखोर. सरकार हा शब्द वापरत होतं, आणि देशातल्या अनेक वृत्तपत्रांनी, साप्ताहिकांनी तोच वापरला. त्यासाठी लाल रेघ मारणारा कुणी नव्हता. बाहेरचे लोक वाचतात त्या इंग्रजी मजकुरात आणि देशातले लोक वाचतात त्या बर्मीज मजकुरात एकाच माणसाचं नाव वेगळं पडू शकत होतं. 2015 च्या निवडणुकीनंतर सू ची यांचं सरकार आलं, तरी यात फरक पडला नाही. 2016 च्या अखेरीस 'म्यानमार टाइम्स'मधल्या फियोना मॅकग्रेगर यांनी उत्तर राखाइनमध्ये सैनिकांनी रोहिंग्या स्त्रियांवर बलात्कार केल्याच्या आरोपांची बातमी दिली. सरकारच्या प्रवक्त्याने फेसबुकवर त्यांच्यावर टीका केली आणि पाठोपाठ वृत्तपत्राने त्यांना कामावरून काढलं. सू ची यांच्या कार्यालयाच्या पानावर त्याच सुमारास 'खोटा बलात्कार' असे शब्द ठळक अक्षरांत झळकले. 2017 च्या सप्टेंबरमध्ये, लाखो माणसं जीव घेऊन बांगलादेशाकडे पळत असताना, बीबीसीच्या बर्मीज सेवेला तिथल्या एका वाहिनीशी असलेला करार मोडावा लागला. तिचे कार्यक्रम सेन्सॉर होत होते. वादाचा शब्द तोच होता.

बातमी उपलब्ध नव्हती असं म्हणता येणार नाही. रोहिंग्यांनी चालवलेली 'कलादान प्रेस' 2001 पासून बांगलादेशातून काम करत होती. पण ती 'त्यांची' बातमी होती. हा वाचक फेसबुकवर होता, हेही लक्षात घ्यायला हवं. एकेकाळी शेकडो डॉलरना मिळणारं सिमकार्ड 2014 साली दीड हजार च्यातला, म्हणजे जेमतेम दीड डॉलरला मिळू लागलं, आणि बहुसंख्यांसाठी इंटरनेट म्हणजेच फेसबुक झालं. पुढे 2018 मध्ये त्या कंपनीने मान्य केलं की हिंसा भडकवण्यासाठी होणारा तिचा वापर रोखायला तिने पुरेसं काही केलं नव्हतं.

इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, कारण सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या माणसाला ती सहज दिसते आणि बाकीच्यांना सहसा कुणी सांगत नाही. ही सगळी माध्यमं आणि त्यांचे वाचक बरीच वर्षं 'झॉजी' नावाच्या फॉन्टमध्ये लिहीत-वाचत होते. आपल्याकडची जुनी मराठी वृत्तपत्रं श्रीलिपी किंवा आकृतीच्या फॉन्टमध्ये टंकलेली असत आणि तो मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांसारखा दिसे, तसाच हा प्रकार. युनिकोडमध्ये म्यानमारच्या लिप्यांसाठी एक कप्पा राखलेला आहे. बर्मीज अक्षरांबरोबर मोन, शान, कॅरेन या भाषांच्या खास अक्षरांच्या जागाही त्यात आहेत. झॉजीने बर्मीज अक्षरांची निरनिराळी वळणं बसवायला त्या दुसऱ्यांच्या जागा वापरून टाकल्या. बर्मीज वाचकाची सोय झाली. त्याच फॉन्टमध्ये मोन किंवा शान नीट लिहिणं अशक्य झालं. कुणी ठरवून केलं नव्हतं. बहुसंख्याकांना अडत नव्हतं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. 1 ऑक्टोबर 2019 रोजी देशाने अधिकृतपणे युनिकोड स्वीकारला, पण तोवर एकच शब्द दोन प्रकारे साठवला जाई, शोध चुके, आणि द्वेषपूर्ण मजकूर यंत्राने ओळखणं आणखी अवघड होई. 'बंगाली' या शब्दाचं राज्य आणि झॉजीचं राज्य या दोन गोष्टी मला एकमेकींच्या शेजारी ठेवाव्याशा वाटतात. दोन्हींत बहुसंख्य वाचकाची सोय हाच निकष होता.

या काळोखात ज्यांनी वाचकाशी भांडण घेतलं, त्यांचं काम म्हणून जास्त उठून दिसतं. 'म्यानमार नाऊ'चे संपादक स्वे विन हे त्यांतले पहिले. विद्यार्थिदशेत तेही राजकैदी होते, पण त्यांची मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी बातमी राजकारणाची नाहीच. रंगूनमधल्या एका शिंप्याच्या दुकानात दोन गरीब मुली पाच वर्षं बिनपगारी डांबलेल्या होत्या. त्यांना चटके दिले जात, बोटं मोडली जात. पोलिसांनी दाद दिली नाही. मानवी हक्क आयोगाने मालक आणि पालक यांच्यात पैशांवर तडजोड घडवून प्रकरण मिटवलं. स्वे विन यांनी 2016 साली हे बाहेर आणल्यावर आयोगाच्या चार सदस्यांना राजीनामे द्यावे लागले, आणि पुढच्या वर्षी मालक कुटुंबातल्या लोकांना शिक्षा झाल्या. या बातमीत खलनायक जनरल नाही. घरी मोलकरीण ठेवणारा, 'साप्ताहिक' विकत घेणारा शहरी माणूसच त्यात आहे.

2017 साली को नी या मुस्लिम वकिलाची रंगून विमानतळावर हत्या झाली. ते सू ची यांच्या पक्षाचे कायदेविषयक सल्लागार होते. मुस्लिमद्वेषासाठी प्रसिद्ध असलेला भिक्खू विराथू याने मारेकऱ्यांचे आभार मानले. स्वे विन यांनी म्हटलं, की हे भिक्खूच्या आचारधर्माचा भंग करणारं आहे. विराथूच्या अनुयायाने त्यांच्यावर दूरसंचार कायद्याच्या 66(ड) कलमाखाली बदनामीचा खटला गुदरला. हा कायदा 2013 चा, म्हणजे 'सुधारणांच्या' काळातला. दोन वर्षं ते रंगून-मंडाले खेपा घालत राहिले, अखेर 2019 मध्ये खटला निकालात निघाला. त्याच वर्षी त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला; आपल्याकडच्या रवीश कुमार यांच्याबरोबर. आपल्या माध्यमांत रवीश यांच्याविषयी रकाने भरून आले. शेजारच्या देशातला दुसरा मानकरी कोण, हे त्या रकान्यांत शोधावंच लागलं असतं.

दुसरं उदाहरण इन डिन या गावाचं. रॉयटर्सचे वा लोन आणि क्यॉ सो ऊ हे बातमीदार तिथे 2 सप्टेंबर 2017 रोजी झालेल्या दहा रोहिंग्या पुरुषांच्या हत्येचा माग काढत होते. 12 डिसेंबरला पोलिसांनी त्यांना कागद देण्याच्या निमित्ताने बोलावलं आणि बाहेर पडताच पकडलं. हा सापळा वरच्या हुकमाने रचला होता, अशी साक्ष एका पोलिस कप्तानाने कोर्टात दिली आणि स्वतःच तुरुंगात गेला. तरी बातमीदारांना सात वर्षांची शिक्षा झाली. बातम्यांत बहुतेक एवढंच आलं. मूळ लेख 8 फेब्रुवारी 2018 रोजी प्रसिद्ध झाला, तो वाचला की त्याचं खरं बळ कळतं. त्यात आरोप करणारे निर्वासित नाहीत. गावातलेच बौद्ध लोक आपण घरं कशी जाळली, प्रेतं कशी पुरली ते सांगतात. हात बांधून गुडघ्यांवर बसवलेल्या दहा जणांचे फोटो गावातल्या एका बौद्ध वडीलधाऱ्या माणसाने दिले. क्यॉ सो ऊ स्वतः राखाइन बौद्ध. बातमी नाकारायची तर वाचकाला स्वतःच्याच माणसांना खोटं ठरवावं लागणार होतं. भाषेत कुठे चढा सूर नाही, कोण कुठे उभं होतं एवढंच आहे. देशात त्यांना गद्दार म्हणणारे थोडे नव्हते. शिक्षेच्या दुसऱ्या दिवशी '7डे डेली'ने मात्र पहिलं पान काळं छापलं. दोघे 511 दिवसांनी सुटले. हत्येबद्दल दहा वर्षांची शिक्षा झालेले सात सैनिक वर्षाच्या आतच सुटले होते.

ज्या कायद्याने या दोघांना आत टाकलं तो 1923 चा शासकीय गुपितांचा कायदा. आपल्याकडे तो अजून आहे, आणि दोन्हीकडे एकच, कारण 1937 पर्यंत बर्मा ब्रिटिश हिंदुस्थानचाच प्रांत होता. मंडालेचं नाव मराठी माणसाला ठाऊक आहे ते 'केसरी'तल्या लेखांमुळे. 1908 साली टिळकांना ज्या दंडसंहितेखाली सहा वर्षांची शिक्षा झाली, तीच म्यानमारची दंडसंहिता म्हणून आजही चालू आहे. 2021 च्या उठावानंतर लष्कराने तिच्यात 505(अ) हे कलम घातलं आणि पत्रकारांना धडाधड आत टाकलं. पण मराठी पत्रकारितेला मंडालेइतकीच दुसरीही परंपरा आहे. आगरकरांनी 'केसरी' सोडून 1888 साली 'सुधारक' काढला, तो सरकारशी भांडण्यापेक्षा वाचकाशी भांडण्यासाठी, आणि पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली. सत्तेने दिलेली शिक्षा आपण स्मारकांमधून जपली. समाजाने दिलेल्या शिक्षेचं स्मारक कुठे नसतं. म्यानमारच्या पत्रकारांना वाचताना आपलीही ही सवय आड येते.

2021 नंतर चक्र पुन्हा फिरलं. 8 मार्चला 'मिझ्झिमा', डीव्हीबी, 'म्यानमार नाऊ', '7डे' आणि 'खित थित' यांचे परवाने रद्द झाले; पुढच्या वर्षी 'इरावती'वरही बंदी आली. छायाचित्रकार सो नाइंग यांचा डिसेंबर 2021 मध्ये कोठडीत मृत्यू झाला. बरेच जण पुन्हा थायलंडच्या सीमेवर गेले. याच वर्षी एक अनपेक्षित गोष्टही घडली. ज्या सैन्याने रोहिंग्यांवर बंदुका चालवल्या, त्याच सैन्याच्या गोळ्या रंगूनच्या रस्त्यावर खाल्ल्यावर अनेक बर्मीज लोकांनी उघडपणे रोहिंग्यांची माफी मागितली, आणि जूनमध्ये लष्करविरोधी सरकारने अधिकृत निवेदनात 'रोहिंग्या' हा शब्द वापरला. वाचक बदलला. पण तो पत्रकारांच्या लिखाणाने बदलला की गोळ्यांनी, याचं प्रामाणिक उत्तर त्या व्यवसायाला सुखावणारं नाही.

आता धोका जुनाच आहे, नव्या वेशात. देश पुन्हा दोन बाजूंत वाटला गेला आहे आणि परदेशातून चालणाऱ्या माध्यमांचा वाचक पुन्हा पूर्णपणे आपल्या बाजूचा आहे. 2025 च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत थांबवल्यावर यांतल्या अनेकांचं बजेट कोसळलं, म्हणजे वर्गणी देणाऱ्या वाचकावरचा भार आणखी वाढला. जो वाचक पैसे देतो, त्याला त्याच्याच लढवय्यांनी केलेल्या अत्याचाराची बातमी द्यायची का? द्यायची तर किती ठळक? हा प्रश्न नीतीचा वाटतो, पण तो रोजच्या पानाच्या आखणीचा आहे. 'फ्रंटियर'सारख्या माध्यमाचं ताजं काम उघडल्यावर मी आता प्रथम असाच मजकूर शोधतो: वर्गणीदाराला जो आवडणार नाही. सापडला तर तो शेवटपर्यंत वाचतो, त्यात नाव-गाव-तारीख कशी तपासली आहे ते पाहतो. नाही सापडला, तर त्यातल्या बाकीच्या धाडसाकडेही थोड्या सावधपणे बघतो.